परसातला चुना

"तिन्हा हातच वाईट शे. बठा भाजीपाला पिवळा पडी ऱ्हायना," काकी कुंपणापलीकडच्या शेजारणीला सांगत होती. मी आत खिडकीशी पुस्तक उघडून बसले होते.

'ती' म्हणजे आमच्या परसात काम करणारी नवापूरच्या डोंगरातली बाई. तिकडे पाऊस फार, माती तांबडी, आंबट. पेरणीआधी तिच्यात चुलीची राख मिसळतात. म्हणून आमच्या चुलीतली राख ती पेरणीला गावी न्यायला डब्यात साठवायची. त्या डब्यावरूनच काकीने ठरवलं होतं, की हिने वाफ्यांत राख टाकून भाजी जाळली.

वाफ्यांत राख नव्हती, चुना होता. शाळेत बक्षीस मिळालेल्या इंग्रजी पुस्तकात होतं, की शेवाळ दिसलं तर माती आंबट झाली समजावं आणि चुना द्यावा. रनाळ्याच्या आमच्या परसात मोरीच्या पाण्याने शेवाळ धरलं होतं आणि दिवाळीच्या सफेदीचा चुना उरला होता. दुपारी घर झोपल्यावर मी तो वाफ्यांत पसरला. ती बाई तिथेच निंदत होती. काळ्या मातीतला पांढरा खडा उचलून तिने माझ्यापुढे धरला.

"ताई, या मातीच्या पोटात चुना आहेच. आमच्याकडे लागतो. इथे नको."

मी पुस्तक दाखवलं. ती खाली मान घालून पुन्हा निंदू लागली. ते पुस्तक कुठल्या देशातल्या मातीसाठी लिहिलं होतं, हा प्रश्न मला पडला नाही.

पंधरा दिवसांत वांग्याची, वालाची पानं पिवळी पडली. शिरा तेवढ्या हिरव्या उरल्या.

काकीने तिला मागच्या दारी उभं करून उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. पेरणीपर्यंत तिचं घर याच मजुरीवर चालायचं होतं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी पान उलटलं. राखेचा डबासुद्धा काकीने तिला नेऊ दिला नाही.

मग काकीने वाफे उपसून नदीचा गाळ भरून घेतला. नवी रोपं हिरवीगार आली. काकी शेजारणीला हाक मारून म्हणाली, "देख, ती गई अन् माटी सुधरनी!"

शेजारीण हसली. मी दारात येऊन उभी राहिले. 

"काकी, तिने काही टाकलं नव्हतं. चुना मी टाकला. ती मला नको म्हणत होती."