करंदीकर सरांची गाडी ऐकेना

दुकानात जळलेले फ्यूज डब्यात साठतात, तसेच किस्सेही साठतात. फ्यूज फेकता तरी येतात, किस्से कुठे टाकायचे? शहाडला माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. तिथे एकट्या करंदीकर सरांच्या गाडीने माझा अर्धा डबा भरला.

सर कल्याणच्या एका शाळेतून रिटायर झालेले. गाडी बारा वर्षांची. चालवता चालवता मोबाइलवर नंबर लावताना त्यांनी एकदा उभ्या रिक्षेला धक्का दिला. ठाण्याला राहणाऱ्या त्यांच्या मुलीने, केतकीने, लगेच फर्मान काढलं. गाडीतलं बंद पडलेलं व्हॉइस कंट्रोल चालू करा, बटण दाबून तोंडाने फोन लावा, नाहीतर गाडी विकायची! बायको गेल्यापासून घरात बसून राहिलेला हा माणूस, त्या गाडीमुळेच चार ठिकाणी जायला लागला होता. ती विकली की सर पुन्हा खुर्चीत. मला तर ऐकूनच राग आला.

*

सर आधी मोठ्या चकाचक सर्व्हिस सेंटरला गेलेले. तिथल्या पोराने ते बटण दाबूनसुद्धा बघितलं नाही! लॅपटॉप लावला आणि म्हणाला, "सिस्टिम जुनी झाली, पार्ट येत नाही." मग सरांना सोफ्यावर बसवलं, कॉफी दिली आणि नव्या गाडीचा कॅटलॉग पुढे सरकवला.

"मी चष्म्याची काडी तुटली म्हणून गेलो," सर मला म्हणाले, "आणि हे डोळे बदलायला निघाले!"

*

माझा पार्टनर पाटील जवळच्याच गावचा. त्याने स्टिअरिंगमागचं कव्हर उघडलं. माईक तिथेच असतो, बाहेरून फक्त चार बारीक भोकं दिसतात. पाटलाने आत टॉर्च मारला आणि ओरडला, "यो बग! माईकमदी आख्खा दसरा भरलाय!"

खरंच भरला होता. हळद, कुंकू, वर तांदळाचे दोन दाणे. सर दर दसऱ्याला गाडीची पूजा करायचे आणि पाचही बोटं नेमकी त्याच भोकांवर टेकवायचे!

"सर, सगळी गाडी सोडून इथेच का?"

"ती जागा स्टिअरिंगच्या बरोबर मध्यावर येते," सर म्हणाले. "पूजेला सिमेट्री नको?"

गणिताचे मास्तर! पाटील तासभर ब्रश घेऊन बसला.

*

माईक साफ झाला, तरी गाडी ऐकेना. मी शेजारी बसलो आणि म्हटलं, लावून दाखवा. सरांनी बटण दाबलं. बीप वाजला.

"नमस्कार. जरा केतकीला फोन जोडून देता का? घाई नाही, सवडीने द्या."

गाडीने कंटाळून फोनच ठेवला म्हणा ना! आतली बाई इंग्रजीत सॉरी म्हणाली आणि गप्प झाली.

"सर, तुमच्या नमस्कारातच तिची वेळ संपते! बीप झाला की 'कॉल' म्हणायचं आणि नाव घ्यायचं. बस!"

"परक्या बाईला असा हुकूम सोडू?"

पाटील खिडकीतून म्हणाला, "आवो सर, ती बाय नाय, मशीन हाय!"

"असेल. आवाज बाईचा आहे ना?"

डोकं आपटायचं बाकी होतं माझं! अर्धा तास वाद घातला, तेव्हा कुठे सर कबूल झाले. तेही फोन लागल्यावर तिला 'थँक्यू' म्हणायच्या अटीवर.

*

पुढची भानगड नावांची. त्या जुन्या सिस्टिमला मराठी अक्षरं वाचता येत नाहीत आणि सरांच्या मोबाइलमध्ये सगळी नावं मराठीत. नावं कसली, अर्जच ते! 'दूधवाले, सकाळचे, नवे'. 'कै. वसंतराव, नंबर आता सुनेकडे'. एकही खोडायला तयार नाहीत. आम्ही दोघांनी धंदा सोडून अख्खी दुपार ती नावं इंग्रजीत घातली. पाटलाने मुलीचं नाव नुसतं केतकी टाकलं, तर सर त्याच्यावरच डाफरले, "चि. सौ. गाळलंत?"

*

आणि ही चि. सौ. रोज मला फोन करायची! "झालं का?" इथपासून सुरुवात. मग म्हणाली, "बाबा पुन्हा मोबाइल हातात घेणार नाहीत, अशी गॅरंटी लिहून द्या."

"मॅडम, मी वायरिंगवाला आहे, वकील नाही!"

"मग शनिवारी मी स्वतः येऊन बघते. चाललं नाही, तर गाडी तिथूनच विकायला काढते."

शनिवारी सर इस्त्रीचा शर्ट घालून अर्धा तास आधीच येऊन बसले. सारखे रुमालाने हात पुसत होते. अकरा वाजून गेले, केतकीचा पत्ता नाही. शेवटी मीच म्हटलं, "सर, कुठे पोचली ते विचारा. गाडीतूनच लावा."

सरांनी बटण दाबलं. बीप.

"कॉल केतकी."

रिंग वाजली! पाटलाने माझा दंड घट्ट धरला. पुढच्या क्षणी केतकीचा आवाज गाडीभर घुमला.

"हां बाबा, पटकन बोला! दुर्गाडी पुलावर आहे, एका हातात स्टिअरिंग, एका हातात मोबाइल... अरे ए टेम्पो! थांबा बाबा, मेलेच असते आत्ता!"

पाटलाने माझ्याकडे बघितलं. सरांनी चष्मा नीट केला आणि वर्गात विचारावं तसं शांतपणे विचारलं,

"केतकी, तुझी गाडी कधी विकायची?"