काळी दोन

माझा आवाज जाड आहे. घोगरा, भसाडा, बाप्यासारखा, जे काय म्हणायचं ते लोकांनी माझ्या तोंडावर म्हणून झालंय, त्यामुळं तुम्ही काही नवीन म्हणाल याची मला भीती नाही. भोकरजवळच्या आमच्या गावात शाळेच्या प्रार्थनेला बाईंनी मला सांगितलं होतं, तू नुसते ओठ हलव. चौथीत होते. आठ दिवस हलवले. नवव्या दिवशी एवढ्या मोठ्यानं गायले की बाईंनी मैदानाला पाच चकरा मारायला लावल्या. मी सहा मारल्या.

वडील शेतीतला माणूस. गाण्यातलं त्यांना काही कळायचं नाही, पण पोरीला ओठ हलवायला लावलं हे त्यांना लागलं. जाड हाय म्हणून काय फेकून द्यायचा का आवाज, असं त्यांनी आईलाच दरडावून विचारलं, जसं काही तिनंच फेकायला काढला होता. गावच्या भजनी मंडळाची पेटी दुरुस्तीला जुन्या नांदेडात एका दुकानात जायची. अत्तरवाल्याच्या शेजारचं, दोन माणसं बसली की भरणारं दुकान. तिथला म्हातारा गातो, असं कुणीतरी वडिलांना सांगितलं होतं. पुढच्या वेळी पेटी न्यायची होती तेव्हा पेटीबरोबर मलाही घेऊन गेले.

त्या म्हाताऱ्याला मी चाचा म्हणायचे. उस्ताद म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. उस्ताद लोकांचे फोटो लागतात बेटा, माझी पाटी हाय पेटी दुरुस्तीची, असं म्हणायचे. गाणं ते आपल्या चुलत्याकडून शिकले होते, चुलता त्याच्या बापाकडून. घरात दखनी बोलायचे, माझ्याशी मराठी.

पहिल्या दिवशी त्यांनी मला काही म्हणायला लावलं नाही. समोरची पेटी ओढली, चौथी काळी पट्टी दाबली आणि नुसता 'आ' लाव म्हणाले. बायका बहुतेक तिथंच गातात, चौथ्या काळीवर नाहीतर पाचव्या. माझा गळाच आवळला. ते एकेक पट्टी खाली येत गेले. दुसऱ्या काळीवर आले आणि मी 'आ' लावला तेव्हा फळीवरचा खिळ्यांचा डबा आपोआप थरथरायला लागला. चाचांनी भाता सोडला, डब्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"हितं राहतेस तू, बेटा. काळी दोन. हितनं कुणी ऊठ म्हणलं तर उठायचं न्हाई."

काळी दोन ही बाप्यांची पट्टी. वडिलांना त्यातलं काही कळलं नाही, पण कुणीतरी माझ्या आवाजाला राहायला जागा दिली एवढं कळलं. परतताना एसटीत त्यांनी ही गोष्ट शेजारच्या अनोळखी माणसालाही सांगितली.

आधी आठवड्याला एकदा, पुढं कॉलेजला नांदेडलाच राहिले तेव्हा रोज सकाळी, दुकान उघडायच्या आधी. पहिलं वर्षभर 'सा'च्या वर जाऊच दिलं नाही. खाली, अजून खाली, खर्जात, जमेल तेवढं. तीन वर्षं नुसता भैरव. बरोबरच्या पोरी क्लासला जाऊन दोन-दोन परीक्षा देऊन मोकळ्या झाल्या आणि मी आपली त्यातल्या रिषभाच्या सुराशी झोंबत बसलेली. चाचा समोर बसून पेटीच्या आतल्या पितळी पट्ट्या कानशीनं घासायचे. माझा सूर हलला की कानस लाकडावर एकदा ठोकायचे. बोलायचे नाहीत. मला त्या ठोक्याचा इतका राग यायचा की कानस चोरून न्यावी असं वाटायचं. एकदा नेलीही. दुसऱ्या दिवशी ते पान्यानं ठोकायला लागले.

गिऱ्हाइकं यायची, म्हणायची, चाचा, पेटी जरा चढवून द्या, आमच्या गाणाऱ्याची पट्टी वर आहे. चाचा सरळ नाही म्हणायचे. आतल्या पितळी पट्टीचं टोक घासलं की सूर चढतो, पण पितळ पातळ होतं, आणि एकदा घासलेलं परत भरून येत न्हाई, दुसरी पेटी घ्या. अशानं धंदा कसा व्हायचा? नाहीच झाला.

मीही त्यांचीच शागीर्द. स्पर्धेत पेटीवाला विचारायचा, ताई, काळी चार ना? मी दोन म्हटलं की तो तबलेवाल्याकडं बघून हसायचा. एका परीक्षकांनी गाणं संपल्यावर मायेनं विचारलं, सर्दी झाली आहे का. मी म्हटलं, हो, जन्मापासून. बक्षीस कुठलं मिळायला! चाचांना हे सांगितलं तेव्हा हसून हसून त्यांना खोकला लागला, आणि त्यांनी आपला तंबोरा मला दिला. मोठ्या भोपळ्याचा, जाड तारांचा, काळी दोनवर घुमणारा. बायकांचा तंबोरा लहान असतो, तारा बारीक. हा तंबोरा घेऊन मी रिक्षात बसले की रिक्षावाला विचारायचा, भाऊ येऊन राहिले का मागनं?

नाही, भाऊ नाही येऊन राहिले. माझाच आहे.

तर, आता नोकरीची गोष्ट. वडील जाऊन चार वर्षं झाली होती. मी नांदेडातच भावाकडं राहत होते, तिशी ओलांडलेली, पदरी पाच शिकवण्या. भाऊ वाईट नाही, पण घर त्याचं, संसार त्याचा, आणि मला रोज सकाळी खर्ज लावायला त्याच्याच घराची गच्ची. लातूरच्या एका शाळेत संगीत शिक्षिकेची जागा निघाली. भावाचं नि माझं ठरलं की ही शेवटची खटपट. जमली तर मी लातूरला खोली घेऊन राहीन, नाही जमली तर तंबोरा माळ्यावर ठेवायचा आणि मेहुण्याच्या कापड दुकानात बसायचं. मी हो म्हणाले होते. स्वतःच्या तोंडानं.

मुलाखतीच्या आधी आठ दिवस चाचांना लातुरातल्या एका ओळखीच्या तबलजीचा फोन आला. बाहेरून जे तज्ज्ञ येणार होते त्यांचा एकच आग्रह होता : मुलींना शिकवायचं तर मुलींच्या पट्टीत गाणारी बाई हवी. चाचांनी मला समोर बसवलं आणि खाली बघत म्हणाले, एक दिवसाची बात हाय, काळी चारवर गा, नोकरी घे.

मला वाटलं मस्करी करून राहिले. करत नव्हते.

मस्तकात तिडीक गेली माझ्या. इतकी वर्षं ज्यांनी मला एका जागी बसवलं, तेच माणूस ऊठ म्हणतंय! मी म्हटलं, तुम्हीच म्हणाला होतात उठायचं न्हाई. मग त्यांनी वर पाहिलं.

"मी बी कधी उठलो न्हाई. बघ कुठं बसलोय."

आणि हात फिरवून दुकान दाखवलं. उघडी पडलेली पेटी, फळी, डबा. त्यांचा हात थरथरत होता, तो अलीकडं थरथरायचाच. नेहमी उठताना पायाला हात लावायचे, त्या दिवशी न लावता निघाले.

दोन दिवसांनी त्यांनी निरोप धाडला, तंबोरा आणून ठेव, जवारी काढून देतो. म्हणजे घोडीवर तारा जिथं टेकतात ती जागा घासूनपुसून आवाज मोकळा करायचा. मला वाटलं, म्हातारा नमला, हीच त्यांची माफी. तंबोरा पोचवला. मुलाखतीच्या दिवशी पहाटे ते स्वतः बसस्टँडवर आले, गवसणी घातलेला तंबोरा हातात दिला आणि खुदा हाफिज म्हणून लगेच वळले. मीही घाईत होते. अहमदपूरमार्गे लातूर येईपर्यंत तो मांडीवर धरून बसले.

शाळेत तिघं जण. मुख्याध्यापिका, संस्थेचे एक पदाधिकारी आणि ते तज्ज्ञ, पुढ्यात पेटी घेऊन. सतरंजीवर आठवीच्या वीस मुली. आधी दहा मिनिटं स्वतः गायचं, मग मुलींना काहीतरी शिकवायचं. मी गवसणी काढली, तंबोरा उभा धरला आणि तार छेडली.

बोटाला लागली तेव्हाच कळलं. बारीक तार. चारही तारा बारीक, नव्या कोऱ्या. प्रवासात जरा उतरल्या होत्या, पण लावलेल्या होत्या चौथ्या काळीवर. तज्ज्ञांनी आपल्या पेटीची चौथी काळी दाबून पाहिली आणि खूश होऊन म्हणाले, लावूनच आणलात, बरं झालं.

चाचांनी माझ्या तंबोऱ्याच्या तारा बदलल्या होत्या. मला न विचारता. त्या थरथरत्या हातांनी.

खोटं कशाला बोलू, एक क्षण मनात आलं की गावं. नाकातून, गळा आवळून, दहा मिनिटं मला काळी चारवर ओढता येतं. दहा मिनिटांत लातूरची खोली, रोजची सकाळ, कुणाची गच्ची नको. खुंटीवर हात होता माझा. मग चौथीतल्या बाई आठवल्या. ओठ हलव म्हणाल्या होत्या, हेही तेच होतं. मी खुंट्या उलट्या फिरवल्या. काळी दोनपर्यंत येता येता तारा इतक्या ढिल्या पडल्या की घोडीवर नुसत्या फडफडायला लागल्या.

तज्ज्ञांचा चेहरा उतरला. "मॅडम, बायकांची पट्टी सोडून कुठं निघालात?"

"माझ्या पट्टीत निघालेय, सर. ती तुमची होती."

तंबोरा सतरंजीवर आडवा ठेवला आणि मुलींकडं वळले. म्हटलं, मला तंबोरा नाही, तुम्ही व्हा. अर्ध्या जणींना माझ्या 'सा'च्या वरचा सा दिला, अर्ध्या जणींना पंचम. दोन्ही त्यांना अगदी आरामात जमणारे. आधी फिदीफिदी हसल्या. हसू दे. मग एकेक जण स्थिरावली, श्वास संपला की शेजारचीनं धरायचं हे त्यांचं त्यांनाच समजलं, आणि खोलीभर असा भरलेला सा झाला की मी खाली, माझ्या जागेवर, तोडीचा पहिला सूर लावला. वीस पोरींचा तंबोरा! तसली तोडी मी आधी गायले नव्हते आणि नंतरही जमलेली नाही. दहाची वीस मिनिटं झाली, कुणी थांबवलं नाही. मुलींच्या पट्टीचं म्हणाल तर मुली त्यांच्या जागी होत्या, मी माझ्या. कुणाला उठावं लागलं नाही.

नोकरी मिळाली नाही. दारापर्यंत सोडायला आलेल्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, दम आहे हो तुमच्या आवाजात, पण मुलींपुढं असा आवाज... आणि पुढचं गिळलं. गिळू द्या. माझ्या पोटात नाही गेलं ते.

संध्याकाळी नांदेडला उतरले ती सरळ दुकानात. चाचा दिवा लावून बसले होते, कामाचं सोंग करत. मी तंबोरा त्यांच्यापुढं ठेवला आणि भाजीवालीशी भांडावं तशी भांडले. तारा कुणाला विचारून बदलल्या? मी लहान आहे का? जवारी म्हणून खोटं बोललात? रस्त्यावरची दोन माणसं थांबून बघायला लागली. चाचांनी सगळं ऐकून घेतलं. तुला भावाच्या गच्चीवर गावं लागू नये म्हणून केलं, एवढंच म्हणाले. त्यावर मला रडू आलं आणि रडू आलं म्हणून अजून राग आला.

मग सांगितलं सगळं. वीस पोरींचं सांगितलं तेव्हा त्यांनी कानस खाली ठेवली. श्वास कुठं बदलत होत्या, पंचम हलला का, असं दोनदा खोदून विचारलं. नाही हलला म्हटलं. त्यांनी डोळे पुसले ते लपवलंही नाही.

भावाला दिलेला शब्द मी मोडला. तंबोरा माळ्यावर गेला नाही. आज त्याच दुकानाच्या पुढच्या अर्ध्यात मी शिकवते, एका वेळी एकीलाच, मागच्या अर्ध्यात पेट्या. येणाऱ्या प्रत्येक पोरीला आधी तिची जागा शोधून देते, मगच पुढचं. मेहुणा अजून नाक मुरडतो. त्याचं नाक, त्यानं मुरडावं.

पण त्या संध्याकाळचं राहिलं. चाचांनी डबा उघडून माझ्या जुन्या जाड तारा बाहेर काढल्या. नीट गुंडाळून, कागदात बांधून ठेवल्या होत्या. फेकल्या नव्हत्या. त्यांचा हात हलत होता, खुंटीच्या भोकात तार जाईना, ती मी ओवली. त्यांनी खुंटी धरली, पेटी जवळ ओढली आणि थांबले. इतक्या वर्षांत त्यांनी मला हे कधी विचारलं नव्हतं.

"कितीवर लावू?"

"काळी दोन," मी म्हटलं. "विचारायचं काय त्यात?"