नवी टाळू आणि पहिले बोल

किस्से जमवायचे असं आम्ही कधी ठरवलं नाही. आमच्याकडे येणारा माणूस कित्येक दिवस नीट बोललेलाच नसतो. एकदा तोंड चालू झालं की जे बाहेर पडतं, ते ऐकायला समोर आम्हीच! मग साचणारच की.

मी दातांची डॉक्टर. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आमच्या हॉस्पिटलात काळ्या बुरशीचे पेशंट यायला लागले. शुगर वाढलेली, त्यात स्टेरॉइड, प्रतिकारशक्ती पार तळाला. बुरशी नाकातून शिरायची आणि वरचा जबडा खायची. जीव वाचवायचा तर सर्जनना तो काढावा लागायचा. मग टाळूला हे मोठं भोक! पाणी प्यालं की नाकातून बाहेर, बोललं की नुसती गुणगुण. ते भोक बुजवणारी, दात लावलेली प्लेट बनवायची हे माझं आणि आमच्या टेक्निशियन सलीमभाईंचं काम. सगळे पेशंट आमच्यापर्यंत पोचले नाहीत. जे पोचले, त्यांचे हे किस्से.

*

पुंडलिकनगरचे एक रिटायर्ड हेडमास्तर. प्लेट बसवली आणि म्हटलं, "सर, बोला काहीतरी."

शेजारी सरांच्या बायकोनं, बाईंनी, आधीच पदर डोळ्यांना लावलेला. सर खाकरले, बाईंकडे वळले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "उद्यापासून चहात साखर घालत जा."

बाई म्हणाल्या, "डॉक्टर, काढा ती प्लेट!"

*

गुलमंडीतले एक साडीवाले शेठ. दातांचा रंग निवडायला मी शेडची पट्टी पुढं केली. शेठनी ती खिडकीपाशी उजेडात नेली, उलटीसुलटी केली. "याच्यात जरा फिक्का दाखवा." दाखवला. "कलर जाणार नाही ना?"

"गॅरंटी आहे, शेठ."

"मॅडम, गॅरंटी तर मी पण देतो!"

*

प्लेट बसली का बघायला सलीमभाई पेशंटकडून ठरावीक शब्द म्हणवून घेतात. एका आजींना म्हणाले, "अम्मा, बोलो, काका."

आजी भडकल्या. "त्या काकाचं नावच काढू नका! माझ्या सासऱ्याची अर्धी जमीन त्यानंच गिळली मेल्यानं!"

सलीमभाई माझ्याकडे वळले. "मॅडम, एकदम फिट!"

*

शेंद्र्याच्या कंपनीतला एक इंजिनिअर. आईनं त्याला किडनी दिलेली. ती टिकावी म्हणून ज्या गोळ्या चालू होत्या, त्यांनी प्रतिकारशक्ती दाबलेली आणि बुरशीनं तेवढ्यात डाव साधला. प्लेट बसल्यावर खुर्चीतूनच त्यानं घरी फोन लावला. "हॅलो, आई!"

पलीकडून आई ओरडली, "कोण बोलतंय? माझ्या पोराचा फोन तुमच्याकडं कसा? त्याला द्या आधी!"

बिचाऱ्यानं प्लेट काढून हातात घेतली आणि नाकातून गुणगुणला, "आई, मीच."

"हां. आता बोल!"

*

आणि बप्पा. मेंढपाळ माणूस, मुलूखभर फिरलेला. ऑपरेशनच्या आधी जबड्याचं माप घ्यायला मी वॉर्डात गेले, तेव्हा तोंड इतकं सुजलेलं की बोलणं कुणालाच कळेना. कळायचं फक्त त्यांच्या बायकोला, सोजरबाईंना. सर्जननी सगळं समजावलं, जबडा काढावा लागेल म्हणाले. बप्पा बराच वेळ काहीतरी बोलले, हात हलवत, पाणावल्या डोळ्यांनी.

सोजरबाई म्हणाल्या, "ते म्हणत्यात, काढा. लवकर काढा."

बप्पांनी त्यांच्याकडं नुसतं पाहिलं. मग कागदावर अंगठा दिला.

नंतर मापाला यायचे तेव्हाही तेच. दुखलं की बप्पा गुरकायचे आणि सोजरबाई सांगायच्या, "ते म्हणत्यात, बाईचा हात लई हलका हाय." मला बप्पा फार आवडायला लागले होते!

प्लेट बसली. म्हटलं, "बप्पा, बोला आता."

बप्पांनी जीभ फिरवून नवे दात चाचपले. माझ्याकडं पाहिलं आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "हात हलका हाय असं म्या कवाच म्हणलो नाय."

सलीमभाई फुटलेच! मीही हसले. बप्पा मात्र बायकोकडं वळले.

"आन् त्या दिशी म्या म्हणलो व्हतो, मला घरी ने. मरू दे मला मेंढरांत."

सोजरबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"व्हय का?" त्या म्हणाल्या. "तवा तुमचं बोलणं नीट कळत नव्हतं."