खुंटीवरचा निळा शर्ट

ती घटना आठवली की अजूनही जेवण गोड लागत नाही. तेव्हा मी बोईसर भागातल्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. सकाळची हजेरी उरकली होती, चहा यायचा होता, आणि परराज्यातलं एक पथक दारात येऊन उभं राहिलं. गुन्हा ऑनलाइन फसवणुकीचा. लुबाडलेली रक्कम ज्याच्या बँक खात्यात गेली, तो माणूस आमच्या हद्दीत बेटेगावला राहत होता. अशी पथकं आमच्याकडे नेहमी येत. कारखान्यांचा भाग, माणसं दहा ठिकाणची. मी दोन शिपाई बरोबर दिले आणि स्टेशन डायरीला नोंद घ्यायला लावली.

त्यांनी आणला तो तिशीतला टेम्पोचालक. मूळचा डोंगराकडच्या पाड्यावरचा. घरची शेती पावसावरची, म्हणून बायको आणि लहान मुलीला घेऊन बेटेगावात खोली करून राहिलेला. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका शेठचा टेम्पो चालवायचा. ज्या बँकेत त्याचं खातं होतं म्हणे, तिचं नावही त्याला नीट घेता येईना. खोटं बोलणारे मी पुष्कळ पाहिलेत. ते उत्तर तयार ठेवूनच येतात. हा नुसता माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

मागोमाग त्याची बायको आली, कडेवर मुलगी. खातं उघडताना दिलेल्या कागदांवरचा फोटो मी तिच्यापुढे धरला. म्हटलं, "ताई, हा तुमचाच नवरा ना?"

"मानूस माजाच हाय साहेब," ती म्हणाली. "पन शर्ट त्याचा नाय. असला निळा शर्ट आमच्या घरात नाय."

मी नवऱ्याला बोलावून विचारलं. तो म्हणाला, "हा लायसनचा फोटो हाय. शिबिरात काडलेला. मी लग्नातला पांडरा शर्ट घालून गेलेलो. ते बोलले, मागं पडदा पांडरा, त्याच्यावर पांडरा शर्ट चालत नाय. मंग खुंटीवरचा हा दिला. सगल्यांना तोच देत होते."

त्याचं म्हणणं मला लगेच पटलं. आमच्याकडे पाड्यावरचा माणूस सरकारी कामाला निघाला की ठेवणीतला पांढरा शर्ट काढतो. साहेबासमोर जायचं, नीट दिसलं पाहिजे, ही त्याची समजूत. वाहन परवान्याच्या शिबिरात असे अर्धेअधिक लोक पांढऱ्यातच यायचे, म्हणून तिथल्या ऑपरेटरने एक निळा शर्ट टांगून ठेवला होता. म्हणजे हा फोटो परवान्यासाठी सरकारी कार्यालयात दिलेला होता, आणि तिथून तो बँकेत पोचला होता.

मी पथकाच्या अधिकाऱ्याला हे सगळं सांगून पाहिलं. तो म्हणाला, "साहब, आपकी बात सही होगी, पर खाता इसी के नाम पर है. बाकी कोर्ट देखेगा." कायद्याने त्याचं चूक नव्हतं. पालघरच्या न्यायालयातून त्यांनी ट्रान्झिट रिमांड, म्हणजे त्याला आपल्या राज्यात न्यायची परवानगी, घेतली आणि त्याला घेऊन गेले. जाताना तो बायकोला एवढंच म्हणाला, "टेम्पोची चावी शेठला देऊन ये." फार वाईट वाटलं मला.

बायकोच्या फिर्यादीवरून मी आमच्याकडे गुन्हा दाखल केला आणि परवाना कार्यालयात जाऊन त्याची मूळ कागदपत्रं मागितली. तिथले साहेब म्हणाले, "जुन्या सर्व्हरवरून नव्यावर डेटा हलवताना त्या शिबिराची सगळी कागदपत्रं गेली."

"गेली म्हणजे कुठं गेली?"

"तांत्रिक अडचण आहे हो. वर कळवलंय आम्ही."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आधार, शाळेचे दाखले, सह्या, फोटो, सगळं गेलं आणि यांनी साधी तक्रारसुद्धा दिली नव्हती. कुणाच्या कोंबड्या चोरीला गेल्या तरी माणूस ठाण्यात येतो.

वाट दाखवली ती एका खबऱ्याने. बोईसर स्टेशनबाहेर तो मोबाइलची कव्हरं विकायचा. त्याने सांगितलं, "साहब, एक आदमी बिना कागज के सिम दे रहा है. लेबर लोग लेते हैं." आम्ही बनावट गिऱ्हाईक पाठवलं आणि त्या विक्रेत्याला पंचांसमक्ष पकडलं. त्याच्या मोबाइलमध्ये लोकांच्या कागदांचे फोटोच फोटो होते; त्यांच्याच नावांवर सिम आणि बँक खाती निघत होती. एकेक उघडत गेलो. कुणी उमरोळीचा, कुणी वैतरण्याकडचा. चेहरे वेगवेगळे, अंगात तोच निळा शर्ट, वरून दुसरं बटण तेवढं पांढरं. यातल्या कुणालाही उद्या उचलून नेतील, आणि त्याला कारणही कळणार नाही.

विक्रेत्याने ऑपरेटरचं नाव सांगितलं. ऑपरेटर किनाऱ्याकडच्या खात्यापित्या घरातला, कंत्राटावर लागलेला. आधी त्याने कानांवर हात ठेवले. शिबिराच्या खोलीतून पंचनामा करून तो शर्ट आम्ही जप्त केलाच होता. मी तो टेबलावर ठेवला, त्याच्यासाठी चहा मागवला आणि गप्प बसलो. चौकशीत ओरडणाऱ्या अधिकाऱ्याला माणूस सरावतो, गप्प बसणाऱ्याला सरावत नाही. चहा निवला तरी त्याने कपाला हात लावला नाही, आणि मग बोलायला लागला. डेटा हलवताना त्याने त्या शिबिराच्या फाइली पेन ड्राइव्हवर घेतल्या, त्या विक्रेत्याला विकल्या, आणि मूळ फाइली पुसून टाकल्या. बिघाड झाला असं वाटावं म्हणून.

वर मलाच म्हणतो, "साहेब, मी कुणाच्या घरातून काय उचललं? कागद तर ज्याचे त्याच्याकडेच आहेत."

त्याला खरोखर तसं वाटत होतं. मला त्याचाच जास्त संताप आला.

मी अहवाल पाठवला, फोन केले. तरी टेम्पोवाल्याला सुटून यायला पावसाळा उलटला. आला तो निम्मा होऊन. शेठने परवाना तपासला, तर सरकारी यंत्रणेत त्याची नोंदच नाही. कार्यालयाने सांगितलं, सगळी कागदपत्रं घेऊन ये, नव्याने अर्ज कर. तो गेलाच नाही. वीटभट्टीवर कामाला जाऊ लागला.

काही वर्षांनी मी निवृत्त झालो. एक दिवस त्याची बायको पालघरला माझ्या घरी आली. म्हणाली, "पोरीला वसतिगृहात घालायची हाय. तिच्या जातीच्या दाखल्याला बापाचे कागद लागतात. तो कागदांची पिशवी उशाला घेऊन झोपतो, झेरॉक्सलासुदा देत नाय. तुमी सांगा साहेब, तुमचं ऐकल."

मी गेलो. त्याने मला खाटेवर बसवलं, पाणी दिलं, माझं सगळं ऐकून घेतलं. मग पिशवी आणून माझ्यासमोर धरली.

"तुमी बोलता तर देतो साहेब. पन हे कागद तिथून कुटं जानार नाय, असं तुमी लिवून द्याल?"

चोर सापडला की चोरी मिटली, असं मी नोकरीभर मानत आलो. चोरीला गेलेले दागिने, मोटारसायकली मी सह्या घेऊन लोकांना परत केल्यात. या गुन्ह्यात आरोपी सापडला, आरोपपत्रही गेलं, पण परत देण्यासारखं माझ्या हातात काहीच नव्हतं. त्याच्या कागदांच्या किती प्रती कुठं फिरताहेत, ते मला आजही सांगता येणार नाही. खोटा शब्द देऊन त्याला राजी करणं मला सहज जमलं असतं, पण माझी जीभ वळेना.

त्याने पिशवी परत आत नेऊन ठेवली. मुलीचा प्रवेश त्या वर्षी झाला नाही.