काळ्या कागदावरची रांगोळी

"काका, आई गेली…" माझ्या पुतण्याचा, प्रकाशचा फोन आला तेव्हा मी नागपुरात गॅलरीत पेपर उघडून बसलो होतो. रात्री खिचडी खाल्ली, दुधाचं पातेलं झाकून ठेवलं, झोपली, अन् सकाळी उठलीच नाही, असं तो अर्धं हिंदीत अर्धं मराठीत सांगत होता. माझ्या तोंडून काय निघावं? "दोरीवरचे कपडे कोणी काढले?" काकाच्या डोक्यावर परिणाम झाला, असं पोराला वाटलं असणार. पण माझ्या वहिनीचे कपडे वाळत घातलेले ज्यानं पाहिले नाहीत त्याला हा प्रश्न कळायचा नाही, म्हणून महिनाभरानं का होईना, नीट सांगतो.

शकूवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, माहेर आर्वीचं. दादा जबलपूरला तोफगाड्यांच्या कारखान्यात होता, आणि मला तिथंच रेल्वेच्या ऑफिसात नोकरी लागल्यावर मी त्यांच्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत पथारी टाकली ती लग्न होईपर्यंत उचलली नाही. वहिनी दोरीवर कपडे घालायची ते रंगानं लावून. डाव्या टोकाला दादाची काळपट खाकी पँट, मग तपकिरी, मग मातकट, मग पिवळा टॉवेल, आणि उजव्या टोकाला माझं बनियन, तेही पांढरं असेल तरच. नाहीतर ते मधेच कुठं तरी खाकीच्या शेजारी जायचं आणि माझी इभ्रत क्वार्टरांच्या सगळ्या लाइनीला दिसायची. मधला एखादा रुमाल कोणी ओढला तर स्वयंपाकघरातून, पाठमोरी असताना, तिला कळायचं. मी वाढवून सांगतो असा माझा लौकिक आहे. खरं तर मी छाटूनच सांगतो, कारण पूर्ण सांगितलं तर कोणी विश्वास ठेवत नाही.

स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आली होती. लोक ओल आली की रडतात, हिनं कोळशानं त्या डागाभोवती रेघ फिरवली आणि भिंतीतून एक म्हैस बाहेर आली. वर्षभरानं सरकारी चुना मारणारे आले तर ही दारात आडवी. "भैया, बाकी सब मारो, भैंस को मत मारना." त्या बिचाऱ्यानं चुन्याची बादली खाली ठेवून आधी गोठा शोधला. म्हैस राहिली, आणि पुढच्या पावसाळ्यात ओल वाढली तेव्हा तिला रेडकू झालं.

आणि माझा दादा? त्याचं काम कारखान्यात तयार झालेले भाग मोजून पास किंवा नापास करायचं, आणि घरातही तो तेच करायचा. नियमाचा एवढा पक्का की शिंक आली तर आधी इकडंतिकडं पाहून घ्यायचा, परवानगी आहे का म्हणून. बायकोचं कौतुक? छे! "ठीक आहे" हा त्याचा सर्वोच्च पुरस्कार, आणि तो मिळाला की वहिनी मला डोळ्यानं खूण करायची, "भाऊजी, पास झाली."

मग एकाहत्तरची लढाई आली. कारखान्याचा भोंगा आधीच असा की त्यावर नर्मदेतल्या माशांनी शिफ्ट बदलावी. आता त्याला सायरनची जोड आली. तोफगाड्यांचं गाव, तेव्हा दुश्मनाचं विमान निघालं की सरळ आमच्याच डोक्यावर येणार याविषयी लाइनीतल्या एकाही माणसाला शंका नव्हती, उलट थोडा अभिमानच होता. रात्री वरून उजेड दिसू नये म्हणून खिडक्यांच्या काचांवर आतून काळे कागद चिकटवायचा हुकूम निघाला. घरोघरी कणकेची खळ शिजली. आमच्या लाइनीचे दिवे तपासणारे वॉर्डन होते शेजारचे दुबेजी. दंडावर पट्टी, टॉर्चला निळा कागद, आणि तोंडात अशी शिट्टी की पलीकडच्या पाटण गावापर्यंतची कुत्री उठून उभी राहत. माणूस प्रेमळ होता, पण पट्टी बांधली की स्वतःच्या बायकोलाही ओळख विचारायचा.

मार्गशीर्ष चालू होता. गुरुवारी लक्ष्मीचा घट बसायचा, आणि दारापासून घटापर्यंत लक्ष्मीची पावलं निघायची, आणि ती वहिनीनं काढली की खरंच कोणीतरी आत्ताच ओल्या पायांनी आत गेलंय असं वाटायचं. त्या गुरुवारी दुबेजी सकाळीच दारात हजर. "भाभीजी, ये नहीं चलेगा. चाँदनी में सफ़ेद चमकता है. ऊपर से सब दिखता है."

"पायलट को रांगोळी दिखती है?" वहिनीनं विचारलं.

"दुश्मन है भाभीजी, उसका क्या भरोसा."

वहिनीनं ओल्या फडक्यानं दारची रांगोळी पुसली. दादा पहिल्या शिफ्टला गेला आणि ही गोधडीची सुई घेऊन पुढच्या खोलीच्या खिडकीशी, काळ्या कागदासमोर उभी राहिली. टोच, टोच, टोच. मी अंघोळ करून आलो तरी तेच.

"वहिनी, काय करून राहिली?"

"रांगोळी. बाहेर नाही म्हणतात ना, मग आत. पीठ नाही, चुना नाही, पांढरं काही नाही. आता काय चमकणार आहे, बाप्पा?"

दहाच्या सुमाराला ऊन खिडकीवर आलं… आणि मी सांगतो, ऑफिसला उशीर झाला त्याचं कारण मी साहेबाला पोटदुखी सांगितलं, पण खरं कारण हे. अंधारी खोली, आणि जमिनीवर उन्हाची रांगोळी. ठिपके, कमळं, आणि कडेकडेनं येणारी लक्ष्मीची पावलं. ऊन सरकलं तशी पावलंही सरकली. पलीकडच्या भिंतीपाशी निघालेली लक्ष्मी हळूहळू माझ्या पथारीवरून चालत खिडकीखालच्या चौरंगाकडे गेली. काढलेली रांगोळी चालताना मी त्याआधी पाहिली नाही आणि नंतरही नाही. वहिनी जमिनीवर बसून तळहातावर ठिपके झेलत होती. "भाऊजी, पाहा… हाताला लागत पण नाहीत."

आता एवढी हुशार बाई, एवढा हुशार मी, पण उजेड जसा बाहेरून आत येतो तसा आतून बाहेरही जातो, हे दोघांनाही सुचलं नाही! संध्याकाळी तिनं खिडकीखाली घट मांडला, समई लावली, खोलीतला विजेचा दिवा लावला, हात जोडले. आणि बाहेर शिट्टी. अशी शिट्टी की घटातलं पाणी हललं.

"बत्ती! बत्ती बुझाओ!"

मी रस्त्यावर धावलो. सगळी लाइन काजळीसारखी काळी. झाडं नाहीत, छपरं नाहीत, काही नाही. आणि त्या काळोखात, जमिनीपासून वर, कशालाही न टेकता, कमळं आणि पावलं लटकलेली. दुबेजींच्या तोंडातली शिट्टी गळून दोरीला लोंबत होती. क्षणभर आम्ही दोघं नुसते पाहत राहिलो. मग त्यांना दंडावरची पट्टी आठवली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून बोलावणं आलं. दादालाही, वहिनीलाही, मी साक्षीदार म्हणून मागे मागे. सुरक्षेचे साहेब मिशीवाले, टेबलावर हात. शत्रूला इशारा दिला असा संशय जरी कागदावर आला तरी दादाची नोकरी आणि क्वार्टर दोन्ही संपलं, हे त्या खोलीतल्या पंख्यालाही माहीत होतं. दादाचा चेहरा नापास केलेल्या लोखंडासारखा झाला होता.

"ये इशारा किसको था?" साहेबांनी विचारलं.

दादा तोंड उघडणार तोच वहिनी म्हणाली, "लक्ष्मीजी को."

मी डोळे मिटले.

"गुरुवार को आती हैं न, साहब. दरवाजे की रांगोळी तो पुंछवा दी. अब इतने अंधेरे में वो हमारा घर कैसे ढूँढेंगी?"

साहेब हसले नाहीत. मिशीवर बोट फिरवलं. मग दादाकडे वळले. "घर में बता दो, लक्ष्मीजी इस महीने अंधेरे में ही आएँ. इस बार छोड़ रहा हूँ. बाहर से एक बिंदु भी और दिखा, तो उसी दिन क्वार्टर खाली."

घरी आल्या आल्या वहिनीनं फडकं ओलं केलं आणि खिडकीचा कागद सोडवायला लागली. वरचा कोपरा निघाला.

"थांब," दादा म्हणाला.

"नको. क्वार्टर जाईल. माझ्या हौसेपायी तुमची नोकरी नको जायला."

"थांब म्हटलं ना." दादानं फडकं तिच्या हातातून घेतलं. खिडकीसमोर उभा राहून त्यानं ती सगळी टोचणी वरपासून खालपर्यंत पाहिली, कारखान्यातला भाग पाहावा तशी. मग म्हणाला, "बिंदू दिसू नये, असा हुकूम आहे. बिंदू असू नये, असा नाही."

मच्छरदाणीची एक काठी काढली. बाजारातून जाड डांबरी कागद आणला, खिडकीपेक्षा हातभर मोठा. काठीला कागद, कागदाला सुतळी, आणि संध्याकाळपर्यंत त्यानं नाटकाच्या पडद्यासारखी वर-खाली होणारी गुंडाळी तयार केली. दिवसा वर, सांजेला खाली. एवढ्या बारीक मापाची की कडेनं मुंगी आत शिरायची तर तिनं पोट आत घ्यावं. त्या रात्रीपासून मच्छर दादाला खायचे, पण तो बोलला नाही.

रोज दिवेलागणीला तो स्वतः पडदा सोडायचा, मग वहिनीला दिवा लावायला सांगून रस्त्यावर जायचा, आणि पार पुढच्या वळणापर्यंत जाऊन मागं वळून पाहायचा. तो शिफ्टवर असला की मला जावं लागे. दुबेजीही तिथंच घुटमळत असायचे. तोपर्यंत वहिनी आत श्वास धरून उभी. "काही नाही दिसत!" असं ओरडलं की मग ती ताटं वाढायची. वाढत्या अंधारात उभं राहून, आपलं घर दिसत नाही याची खात्री करून घेणं… असे ते दिवस होते.

लढाई संपली. दुसऱ्याच संध्याकाळी लाइनीत दिवे लागले, पण आमचा पडदा खालीच. दादा म्हणे, लेखी हुकूम कुठं आहे? तो हुकूम आल्यावर त्यानं सुतळी ओढून पडदा वर बांधला, "बत्ती लाव" म्हणाला, आणि चपला घालून निघाला. मी मागोमाग. रस्त्यावर दुबेजी होते, पहिल्यांदाच बिनपट्टीचे.

"दिसते का हो?" आतून वहिनीचा आवाज आला.

दादा खिडकी वरपासून खालपर्यंत पाहत होता. मला वाटलं, कुठं चूक सापडली.

"अहो, दिसते का?"

"दिसून राहिली," दादा म्हणाला. मग त्यानं परत, मोठ्यानं सांगितलं, "सगळी दिसून राहिली, शकू!" चारचौघांत त्यानं तिचं नाव घेतलेलं मी तेव्हाच ऐकलं. दुबेजींनी नाक पुसलं आणि आत बघून ओरडले, "भाभीजी, खिड़की तो हमारे यहाँ भी है. इतवार को फुर्सत है क्या?"

पुढं कागद विरला, उन्हानं तांबडा पडला, एका पावसाळ्यात गेला. वहिनीनं तो जपून ठेवला नाही. तिला नवीन काही तरी रोजच सापडायचं.

दादा गेल्यानंतर ती माझ्याकडे नागपूरला आली होती, तेव्हा मी तिला एका चित्रप्रदर्शनात घेऊन गेलो. आजकालच्या कलेचं. अंधाऱ्या खोलीत काळा पत्रा, त्याला भोकं, मागं दिवा. आजूबाजूची पोरं हनुवटीला हात लावून उभी. वहिनीनं आधी वाकून मागची वायर पाहिली, मग समोरून पाहिलं, मग मला कानात म्हणाली, "यांच्याकडे वॉर्डन नव्हता वाटते." मी इतका हसलो की आम्हाला बाहेर जायला सांगण्यात आलं. पण दारातून ती परत वळली. खालच्या पाटीवर कलाकाराचं नाव होतं, ते तिनं चष्मा लावून वाचलं. "भाऊजी, आपण पण नाव लिहायचं असते का हो?" मी काही तरी थट्टा केली. आता वाटतं, थट्टा नको होती… सरळ "हो" म्हणायला हवं होतं.

तेराव्याला मी जबलपूरला होतो. क्वार्टर कधीच सुटलं, आता प्रकाशचं स्वतःचं घर आहे, साध्या काचेच्या खिडक्यांचं. संध्याकाळी पाहुणे पांगले. प्रकाशची बायको रेखा इथलीच, हिंदी घरातली. लढाई झाली तेव्हा तिचा जन्मही नव्हता. तिनं देवापाशी दिवा लावला, खोलीतला दिवा लावला आणि पायात चपला सरकवून फाटकाबाहेर गेली. रस्ता ओलांडला. पलीकडे उभी राहून घराकडे थोडा वेळ पाहिलं आणि परत आली.

"काहून गेली होती, बेटा?" मी विचारलं.

"पता नहीं काका… मम्मीजी रोज जात होत्या. दिवा लावला की बाहेरून पाहावं लागते म्हणे."

"काय पाहावं लागते?"

तिला सांगता येईना. हातानं खिडकी, भिंत, दोरीवर राहिलेला एक टॉवेल, असं सगळंच दाखवलं आणि म्हणाली, "कसं दिसून राहिलं ते."

मी काठी घेतली आणि चपला शोधायला लागलो.