चढाला किती चाली?

माझ्या मोबाइलवर चौकोनांच्या पटावर सैनिक लढवायचे दोन गेम आहेत. एकात चढाचा चौकोन दोन चाली खातो, दुसऱ्यात चढ आणि सपाटी सारखीच. मला दुसराच आवडायचा. उमरठच्या वरच्या वाडीत मामा शेळ्या राखतो. तो मला न्यायला खाली रस्त्यावर आला, तेव्हा मी त्याला तो गेम दाखवला. माझा सैनिक तडक टेकडी चढला आणि त्याने लगेच वार केला.

"ह्याला दम लागत नाय काय रे?" मामाने विचारलं.

माझ्या गेमला नावं ठेवलेली मला खपत नाहीत. बघूच लागतो का, म्हणून मी पायवाट सोडून सरळ चढू लागलो. मामा शेळ्यांसारखा तिरका, वळणं घेत गेला. मी धापा टाकत पोचलो, तेव्हा तो काठी टेकून उभा होता.

"हां," तो म्हणाला, "आता मार वार."