मनगटापर्यंत न पोचलेले ठोके

ग्वाल्हेर संस्थान विलीन झालं तेव्हा अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, दफ्तराची फक्त पाटी बदलली. पुढे प्रांतांची नव्यानं रचना झाली आणि दफ्तरच ग्वाल्हेरहून भोपाळला हलवायचं ठरलं. त्याच सुमारास अण्णांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडू लागले.

माधवगंजातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि एक जुना स्टेथोस्कोप माझ्या हातात ठेवला. मी तेव्हा कॉलेजात होते. हृदय घाईघाईनं चाललं की काही ठोके दुबळे पडतात, ते मनगटापर्यंत पोचतच नाहीत, असं त्यांनी समजावलं. म्हणून एकानं छातीवर मोजायचं आणि त्याच मिनिटात दुसऱ्यानं मनगटावर. "दोनों गिनती बराबर आने लगें, फिर भोपाल की सोचिए," ते म्हणाले.

मनगट आईकडे आलं. आम्हा मुलांसमोर तिनं अण्णांचा हात कधी धरला नव्हता. पहिल्या दिवशी पदर सावरून, तोंड खिडकीकडे करून तिनं बोटं टेकवली.

"अगं, विंचू नाहीये तो," अण्णा म्हणाले.

"मोजताना बोलू नका."

अण्णांना जायचं होतं. बरोबरीचे सगळे निघाले होते; मागे राहणं म्हणजे वेळेआधी पेन्शन. रोज सकाळी गोळीच्या आधी ते खिशातलं घड्याळ काढून "सुरू" म्हणत, मिनिटानं "बस" म्हणत. रोज आईचा आकडा माझ्यापेक्षा कमी येई.

सामान बांधायची वेळ आली तेव्हा ते चिडले. "तुला भोपाळ नकोय, म्हणून ठोके गाळतेस तू!"

"नकोच आहे मला," आई म्हणाली. "तुम्हीच मोजा." आणि घड्याळ तिनं काढून घेतलं.

अण्णांनी स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवली. मी छातीवर ऐकत होते. आईनं "बस" म्हटल्यावर मी माझा आकडा सांगितला. मग अण्णा म्हणाले, "माझा तर हिच्या कालच्याहून कमी आलाय."

त्या आठवड्यात त्यांनी पेन्शनचा अर्ज दिला. सोबत्यांना पोचवायला स्टेशनवर गेले, येताना बाड्याच्या बाजारातून तिळाची गजक घेऊन आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टेथोस्कोप काढलाच नाही. आता कशाला, असं वाटलं. अण्णांनी मात्र आईपुढे हात केला. "गोळी तर घ्यायचीच आहे ना?" आईनं हात धरला. या वेळी ती खिडकीकडे बघत नव्हती.

आकडे पुढेही पुरते जुळले नाहीत, पण फरक कमी होत गेला आणि अण्णांना बरीच वर्षं मिळाली.

ते गेले त्याला आता काही महिने झाले. गोळीच्या वेळेला आई अजून त्यांच्या खाटेजवळ येऊन बसते. काल तिनं माझं मनगट मागितलं. घड्याळ नव्हतं, तरी मोजत राहिली.

"तुझे पोचतायत सगळे," म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.